बाबांचा हिशेब भरायचा राहिलाय

प्रश्न: ताई, माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. आता ७९ वर्षांचे आहेत, डिमेन्शिया आहे. आठ महिन्यांपूर्वी वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं. पण संध्याकाळी बाबा खिसे चाचपत फिरतात, ‘पैसे कुठं गेले’ म्हणून मावशींवर ओरडतात. पहाटे चारला उठून दार वाजवतात. ‘आजोबा फार त्रास देतात, झोपेची गोळी सुरू करू,’ असं व्यवस्थापक म्हणतात. बाबांना घरी आणू का?
– एक लेक, सातारा

उत्तर: घरी आणायचं की नाही, ते महिनाभर बाजूला ठेवा. आधी बाबा काय सांगतायत ते बघू.

मुक्कामी गाडीचा कंडक्टर पहाटे चारला उठणार नाही तर कधी उठणार? आणि संध्याकाळी डेपोत रोकड जमा केल्याशिवाय तो घरी जात नाही. एक रुपया कमी भरला तरी खिशातून घालायचा. बाबा मावशींना चोर म्हणत नसावेत, त्यांचा हिशेब भरायचा राहिलाय. हे मावशींना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना कुणी सांगितलंय का?

ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. घाईघाईत उरकणं, लहान मुलासारखं बोलणं, रुग्णाच्या देखत त्याच्याचविषयी बोलणं, यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण माणूस आतून खचत जातो. ‘आजोबा’ हाक प्रेमाचीच, पण तुमच्या बाबांना डेपोत काय म्हणायचे? तीच हाक मारायला सांगा.

एक पानभर लिहून द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात, पलंगाजवळ लावता येईल असं. चहा कसा लागतो, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, कशाने चिडतात, कुठल्या रूटवर होते. पहाटे उठले की चहाचा कप द्यावा आणि मावशींनी विचारावं, ‘गाडी वेळेवर आहे ना?’ ‘तुम्ही रिटायर झालात’ हे रोज नव्यानं सांगून काय मिळतं? संध्याकाळी टेबलाशी बसवून सुटे पैसे मोजायला द्यावेत, वहीत आकडा लिहून सही घ्यावी.

गोळीचं मात्र डॉक्टरांशी समोरासमोर बोला. झोपेच्या गोळ्यांनी या वयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. अस्वस्थता अचानक वाढली असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा कुठं दुखतंय का, हे आधी तपासायला हवं.

व्यवस्थापकांकडे तक्रारीच्या सुरात जाऊ नका. रात्रपाळीला एकेका मावशीवर किती जण असतात, तेवढं विचारा. उत्तर ऐकून तुमचा राग थोडा उतरेल. एवढं करूनही ‘आमच्याकडे असले लाड होत नाहीत’ असंच ऐकू आलं, तर दुसरी जागा बघायला लागा.

पुढच्या खेपेला बाबांची जुनी चामडी बॅग सापडली तर घेऊन जा. नसेल तर खांद्याला अडकवायची कुठलीही चालेल. आत चिल्लर टाका, पण मोजून. कमी भरली तर त्यांना बरोबर कळेल.