आधी वारा लिही

प्रिय,

तुझं हर्णैच्या किनाऱ्याचं चित्र मिळालं. सोबत लिहिलंयस, "समुद्र जमलाय, पण उदासी येत नाही. रंग आणखी गडद करू का?" नको. वारा कुठून होता ते सांग. भरती होती की ओहोटी? वाजले किती होते? चित्रात यातलं काहीच दिसत नाही, मग उदासीने टेकायचं कुठे?

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'हॅडली कॅसल' हे चित्र समोर घेऊन बस. पडका बुरूज, त्याच्याजवळ मेंढपाळ आणि कुत्रा, पलीकडे थेम्सचं मुख, ढग फोडून उतरणारे किरण. 1829 साली ते प्रदर्शनात लागलं. आदल्या नोव्हेंबरात त्याची बायको मारिया क्षयाने गेली होती, सात मुलं मागे ठेवून. सगळे इथेच थांबतात, दुःख झालं म्हणून चित्र झालं म्हणतात. अरे, त्या बुरुजाचं पेन्सिलचं टिपण 1814 चं आहे! तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, आणि त्या किनाऱ्याबद्दल त्याने पत्र लिहिलं ते मारियालाच. इतकी वर्षं ते टिपण जपलेलं होतं, म्हणून हात तिकडे वळला. चित्राच्या नावात त्याने काय जोडलं? वादळी रात्रीनंतरची सकाळ. वेळ आणि हवा. शोक हा शब्दही नाही.

बापाच्या पिठाच्या गिरण्या होत्या, पोरपणी तोही पवनचक्कीवर राबलेला. 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढग रंगवले, तर त्यांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. आधी वारा, मग भाव. पुन्हा लिहितो, आधी वारा.

मला हे फार उशिरा कळलं. आई गेली त्या वर्षी मी वीसेक समुद्र रंगवले, सगळे काळे. त्यातला कुठला कोणत्या किनाऱ्याचा, आज मलाही सांगता येत नाही. ती गेली त्या पहाटे आभाळ निरभ्र होतं आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहत होती. ते मी एकदाही रंगवलं नाही.

वर्गात भावनेवर बोलू देत नाही म्हणून मला कोरडा म्हणतात. म्हणू देत. त्या काळ्या कॅनव्हासांपाशी मी राहिलोय, ते नाहीत.

तुझा हात चांगला आहे, ओल्या वाळूवरची चमक तर मला कधी साधली नाही. म्हणून तर चिडतोय. रविवारी उजाडायच्या आत पुन्हा हर्णैला जा. या वेळी कागदाच्या मागे लिहूनच पाठव. तारीख, वेळ, वारा. नसेल लिहिलं तर मी पुढची बाजू बघणार नाही.