एकाच जारमध्ये दोन रंग

प्रश्न : मॅडम, मी जिल्ह्याच्या गावी एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्तनाच्या गाठींवर आम्ही ईआर (पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे का, हे अँटिबॉडी आणि तपकिरी रंगाने बघायची तपासणी) करतो. अँटिजेन रिट्रीव्हलला, म्हणजे अँटिबॉडी बसावी म्हणून स्लाइड तापवायला, घरगुती मायक्रोवेव्ह, सायट्रेट बफर, पाच-पाच मिनिटं तीनदा. एकाच वेळी लावलेल्या चार स्लाइडपैकी दोन छान तपकिरी येतात, दोन फिक्या. चरबीवाले सेक्शन (स्लाइडवर चिकटवलेले गाठीचे पातळ काप) तर सुटून बफरमध्ये तरंगतात. अँटिबॉडीची नवी बाटली आणली, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : बाटलीला दोष देऊ नका. अँटिबॉडी बिघडली असती तर चारही स्लाइड फिक्या पडल्या असत्या. दोन चांगल्या येतात, म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही.

गाठ टिकवायला वापरलेलं फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकतं आणि अँटिबॉडीची बसायची जागा झाकली जाते. स्लाइड द्रावणात घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवली की ती जागा मोकळी होते, हे शी, की आणि कालरा यांनी १९९१ मध्ये दाखवलं. पण मायक्रोवेव्ह एका जागी जास्त तापवतो, दुसऱ्या जागी कमी. पाच सारख्या वाट्यांत १००-१०० मिली पाणी घ्या, फिरत्या ताटलीवर मध्ये एक आणि कडेला चार ठेवा, मिनिटभर चालवा आणि लगेच थर्मामीटर घाला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मधली वाटी कोमट होती आणि कडेच्या वाटीला हात लावता येईना. ज्या जागी पाणी नीट तापतं, तिथेच स्लाइडचा जार ठेवायचा, रोज तिथेच.

‘पाच-पाच मिनिटं तीनदा’ हे घड्याळ झालं. एक जार ठेवला तर उकळी लवकर येते, तीन ठेवले तर उशिरा, आणि तुमची पंधरा मिनिटं दोन्ही वेळा पंधराच. उकळी आल्यापासून मोजा, साधारण १५ ते २० मिनिटं. जारची संख्या आणि बफरचं माप कधी बदलू नका. दोनच स्लाइड असल्या तरी उरलेल्या खाचांत कोऱ्या स्लाइड घाला.

दर पाच मिनिटांनी दार उघडून पातळी बघा. एकदा माझ्या स्लाइडवर आडवी सरळ रेघ आली होती : खाली केंद्रकं गडद, वर सगळं कोरं, नदीचा पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. बफर आटून वरचा भाग उघडा पडला होता आणि सुकला होता. तो सेक्शन गेलाच. भर घालताना उकळतं डिस्टिल्ड पाणी घाला, बफर नको. वाफ होते ती पाण्याची, क्षार आतच राहतात. बाहेर काढल्यावर जार २० मिनिटं तसाच ओट्यावर निवू द्या. घाईत नळाखाली धरला की सेक्शन उचकटतात.

सुटणाऱ्या सेक्शनचं मूळ बहुतेकदा आधीच्या टप्प्यात असतं. सेक्शन घट्ट धरणाऱ्या, चार्ज्ड (विद्युतभार दिलेल्या) किंवा पॉलिलायसिन लावलेल्या स्लाइडच वापरा. सेक्शन ३-४ मायक्रॉनचा, सुरकुती नसलेला हवा. पाणी निथळू द्या, मग ६० अंशांवर तासभर. खाली अडकलेला पाण्याचा एक थेंबही उकळताना सेक्शन फाडतो. शिवाय धो-धो उकळी नको. एकदा उकळी आली की पॉवर कमी करा.

बफर ताजं करा : ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एक लिटरला, पीएच ६.०. पीएच मीटर आधी ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांवर लावून घ्या. एवढं करूनही रंग कमीच राहिला तर पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए करून बघा, पण त्यात चरबीचे सेक्शन जास्त सुटतात, हे लक्षात ठेवा.

आणि एक काम आजच करा. या पद्धतीने ज्या पेशंटचे रिपोर्ट ईआर निगेटिव्ह गेले, त्यांच्या स्लाइड तुमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांसोबत पुन्हा बघा. गाठीशेजारच्या निरोगी नलिकांत थोड्या तरी पेशी तपकिरी दिसायला हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नाही, तपासणीच फसलेली आहे. त्या बाईला टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारं कर्करोगाचं औषध) मिळणार की नाही, हे या रंगावर ठरतं. गाठीचा मेणातला ब्लॉक काढा आणि पुन्हा कापा.