लॉख सुनार्टच्या काठचा बेन रेसिपोल

प्रश्न : आम्ही उभयता ऐरोलीत राहतो आणि गेली अनेक वर्षे सह्याद्रीत भटकतो. मे महिन्यात मुलीकडे ग्लासगोला जाणार आहोत. पारसिकच्या डोंगरावरून जशी ठाण्याची खाडी दिसते, तसा तिकडच्या एखाद्या खाडीवरचा, पण फारशी वर्दळ नसलेला डोंगर सुचवाल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण पश्चिम हायलँड्समधला बेन रेसिपोल अवश्य चढावा. त्याच्या दक्षिणेला लॉख सुनार्ट ही सुमारे 31 किलोमीटर लांबीची खाडी आहे, तर उत्तरेला लॉख शील हे गोड्या पाण्याचे सरोवर. सुनार्टची दरी हिमनद्यांनी कोरून काढली आणि मग तिच्यात समुद्र शिरला, त्यामुळे डोंगर थेट पाण्यातूनच उभा राहिल्यासारखा दिसतो.

तिथे वर्दळ का नसते, याचे कारण उंचीच्या हिशेबात आहे. सर ह्यू मन्रो यांनी 1891 साली 3000 फुटांवरच्या स्कॉटिश शिखरांची कोष्टके प्रसिद्ध केली. आज त्या यादीत 282 शिखरे असून ती सगळी पूर्ण करण्याचा ध्यास असंख्य गिर्यारोहकांनी घेतलेला असतो. रेसिपोलची उंची 845 मीटर, म्हणजे त्या मर्यादेपेक्षा जेमतेम 70 मीटर कमी. एवढ्यासाठी त्याच्याकडे पाठ फिरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पश्चिमेला रम आणि एग ही बेटे, स्काय बेटावरचे कुलिन डोंगर आणि पूर्वेला बेन नेव्हिस असा विस्तीर्ण पट दिसतो.

उंची आपल्या माहुलीच्या जवळपास असली, तरी चढाईला सोपे समजू नये. सुरुवात समुद्रसपाटीपासून होते, वरच्या भागात आखीव वाट नाही, जमीन दलदलीची आहे आणि ढग उतरले की दिशा कळत नाही. होकायंत्र व कागदी नकाशा सोबत हवाच. खाडीकाठच्या रेसिपोल वस्तीतून जाऊन येण्यास पाच-सहा तास धरावेत. दुसरी वाट स्ट्रॉन्शियन गावाकडून जुन्या खाणकामगारांच्या रस्त्याने येते. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळाले ते याच गावावरून. 2003 च्या कायद्याने जबाबदारीने डोंगर फिरण्याचा हक्क सर्वांना दिलेला असल्याने परवाना लागत नाही.

ग्लासगोहून ग्लेन्कोमार्गे कोरानला यावे, फेरीबोटीने लॉख लिनी ओलांडावे आणि स्ट्रॉन्शियनला मुक्काम करावा.