वाचक विचारतात: इंजिन एकच आणि तेही नवंकोरं

मागच्या अंकात बीचक्राफ्ट डेनालीबद्दल चार ओळी दिल्या होत्या. अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा शहरात टेक्स्ट्रॉन कंपनी हे विमान बनवतेय, एक इंजिन, पुढे प्रोपेलर, ताशी 285 नॉट म्हणजे जवळजवळ 528 किलोमीटर वेग, चार प्रवासी घेऊन 1600 नॉटिकल मैल, आणि सर्टिफिकेशनचं (विकायला-वापरायला सरकारी मान्यता मिळवण्याचं) काम चालू आहे, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतोय, पहिल्याचं उत्तर लांबलंय पण प्रश्नच तसा आहे.

काका, हे विमान 23 नोव्हेंबर 2021 ला पहिल्यांदा उडालं असं वाचलं. मग इतकी वर्षं सर्टिफिकेट का मिळत नाही? डिझाइनमध्ये काही गडबड आहे का?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सांगली)

उशीर दिसला की गडबड असणार असं लगेच वाटतं, पण इथे मुख्य कारण वेगळं आहे. आजवर या वर्गातलं नवीन विमान काढायचं तर बहुतेक कंपन्या प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी6 इंजिन घ्यायच्या, 1960 च्या दशकापासून चालत आलेलं, खेडोपाडीच्या धावपट्ट्यांवर घासून निघालेलं, त्यामुळे सिद्ध करायचं राहायचं ते फक्त विमान. डेनालीत विमानही नवीन आणि जीई कंपनीचं कॅटलिस्ट इंजिनही कोऱ्या कागदावरून काढलेलं, 1300 हॉर्सपॉवरचं. ते पहिल्यांदा सुरू झालं प्रागमध्ये, 2017 च्या डिसेंबरात, आणि त्याला एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेचं, सर्टिफिकेट मिळालं 2025 च्या फेब्रुवारीत. मधल्या सात वर्षांत काय केलं असेल विचार कर, 150 तासांची एन्ड्युरन्स टेस्ट, आत पक्षी गेला तर काय, बर्फ गेला तर काय, आतलं पातं तुटलं तर तुकडा केसिंग फोडून बाहेर येत नाही ना, हे सगळं दाखवून द्यावं लागतं.

आता खरी मेख सांगतो. एफएएच्या नियमांत 21.35 नावाचं कलम आहे. सगळ्या टेस्ट झाल्या तरी शेवटी विमान रोजच्या वापरासारखं उडवून त्याच्या सिस्टिम भरवशाच्या आहेत हे दाखवायचं असतं, त्याला एरवी किमान 150 तास लागतात, पण टर्बाइन इंजिन (गरम वायूच्या झोताने पाती फिरवणारं, कॅटलिस्ट त्यातलंच) आधी कुठल्याच सर्टिफाइड विमानात वापरलेलं नसेल तर तेच 300 तास होतात आणि ते तासही टाइप सर्टिफिकेटप्रमाणेच, म्हणजे मंजूर झालेल्या नमुन्याप्रमाणेच, बनलेल्या इंजिनावर झालेले पाहिजेत. म्हणजे इंजिनाचा कागद हातात येईपर्यंत विमानाने हा शेवटचा टप्पा पूर्ण करायचा प्रश्नच नव्हता, तोवर कितीही उड्डाणं झाली तरी. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर इथेच आहे.

राहिलेलं उत्तर हळूहळू होणाऱ्या कामात आहे. उदाहरणार्थ बर्फ. थेट हिमढगात जाण्याआधी पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फाच्या आकाराचे खडबडीत तुकडे चिकटवतात आणि कोरड्या हवेत उडून बघतात, की हे ओझं आणि हा वेडावाकडा आकार घेऊन विमान स्टॉलला (वेग फार कमी होऊन पंख उचल सोडतात तेव्हा) कसं वागतंय. मग फ्लटर, म्हणजे वेग वाढत गेला की पंख किंवा शेपूट स्वतःहून थरथरायला लागते का ते, त्यात वेग थोडा थोडाच वाढवतात, प्रत्येक पायरीला आकडे बघतात आणि मगच पुढे जातात. तिथे घाई करणाऱ्या माणसाने टेस्ट पायलट होऊच नये. तू इंजिनिअर होणार आहेस म्हणून आवर्जून सांगतो, कंपनीने जाहीर केलेल्या तारखा याआधी पुढे गेल्यात, वाईट वाटतं, पण टेस्ट घाईघाईने उरकून तारीख पाळलेली मला कधीच आवडणार नाही.

साहेब, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. गाडीचं इंजिन बंद पडलं तर साइडला लावता येतं. आभाळात एकच इंजिन घेऊन जायचं हे मला पटत नाही.
(निवृत्त मेकॅनिक, जळगाव)

तुमची भीती रास्त आहे आणि ती फक्त तुमची नाही, नियम करणाऱ्यांनाही तीच होती. एका इंजिनावर, ढगात, भाडं देणारे प्रवासी घेऊन जायची परवानगी अमेरिकेत मिळाली 1990 च्या दशकाच्या शेवटी आणि युरोपात तर 2017 मध्ये. पटलं कशाने, तर टर्बाइनच्या वर्षानुवर्षांच्या रेकॉर्डने. पिस्टन इंजिनात खालीवर आपटणारे भाग किती असतात ते तुम्हाला मी काय सांगणार, टर्बाइनमध्ये सगळं गोल फिरतं. आणि बंद पडलंच तर विमान दगडासारखं खाली येत नाही. या वर्गातलं विमान दर हजार फुटांमागे दोन-अडीच नॉटिकल मैल तरंगत जातं, प्रोपेलरची पाती वाऱ्याला कडेने वळवायची म्हणजे अडथळा कमी होतो. 25,000 फुटांवर असाल तर पन्नासेक मैलांच्या घेरात मैदान शोधायला वेळ मिळतो. धोका शून्य नाही, डोंगरात रात्री तर नाहीच.

तुम्हाला मेकॅनिक म्हणून आवडेल अशी एक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या पीटी6 ला स्टार्ट देताना पायलटचा एक हात फ्युएल चालू-बंद करणाऱ्या कंडिशन लिव्हरवर आणि डोळे टेंपरेचरच्या काट्यावर असतात, काटा भराभर लाल रेषेकडे निघाला की त्याच क्षणी फ्युएल तोडायचं, दोन-चार सेकंद उशीर झाला तर टर्बाइनची पाती भाजतात आणि लाखोंचं काम निघतं. कॅटलिस्टमध्ये हे कॉम्प्युटर सांभाळतो, इंजिन आणि प्रोपेलर मिळून एकच लिव्हर. (पिलाटस कंपनीच्या याच वर्गातल्या नव्या पीसी-12 विमानातही आता अशी सोय आलीय, तेव्हा ही जादू एकट्या जीईची नाही.) शिवाय 3डी प्रिंटिंगने 855 सुटे पार्ट 12 मध्ये बसवलेत, म्हणजे तेवढे जोड, तेवढे नट-बोल्ट, तेवढ्या गळतीच्या जागा कमी.

मी कोकणात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. असलं विमान पेशंटच्या उपयोगाचं असतं की फक्त श्रीमंतांसाठी?
(रत्नागिरी जिल्हा)

ताई, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ऑस्ट्रेलियात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस वर्षानुवर्षं एका इंजिनाची पीसी-12 वापरते, मातीच्या पट्टीवर उतरतात आणि मागच्या मोठ्या दारातून स्ट्रेचर आत घेतात. डेनालीलाही तसंच मोठं कार्गो डोअर मागे दिलंय आणि ते मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं, कारण अरुंद दारातून पेशंट तिरका करून, सलाइन हातात धरून आत घेताना काय होतं ते तुम्ही रोज अँब्युलन्सला बघत असाल. केबिन प्रेशराइज्ड आहे, म्हणजे उंचावरही आत हवेचा दाब राखला जातो, हेही पेशंटसाठी फार गरजेचं. आपल्याकडे यायचं तर अमेरिकेचं सर्टिफिकेट पुरत नाही, डीजीसीएची, म्हणजे आपल्या विमान-नियामक संस्थेची, मान्यता वेगळी लागते, आणि त्याच्याही आधी तालुक्याजवळ बारा महिने वापरता येईल अशी धावपट्टी लागते. विमान विकत घेता येईल, पट्टी मात्र आपल्यालाच बांधावी लागणार.

आपण भारतात असं एका इंजिनाचं टर्बोप्रॉप (टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारं विमान) का बनवत नाही?
(नाशिक)

बनवतो की, आणि तेही तुमच्या अंगणात! एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) एचटीटी-40, हवाई दलाचं शिकाऊ विमान, पहिलं उड्डाण 31 मे 2016 ला झालं, 2023 मध्ये 70 विमानांची ऑर्डर मिळाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या कारखान्यात त्याची दुसरी प्रॉडक्शन लाइन सुरू झाली. ते प्रवासी विमान नाही, दोघेच बसतात, इंजिन हनीवेलचं आहे. पण त्याचीही सिद्ध व्हायची वाट सोपी नव्हती, शिकाऊ विमान म्हटल्यावर ते मुद्दाम गिरक्या खात खाली सोडून पुन्हा सरळ करता आलं पाहिजे, त्या स्पिन टेस्टसाठी शेपटीत बदल करावे लागले आणि वर्षं गेली. ओझरकडून जाताना एखादं लहान विमान वर गोल गोल फिरत खाली येताना दिसलं तर घाबरू नका, थांबून बघा, आणि दिसलं तर मला जरूर लिहा.