वाचकांचे प्रश्न : कडी कोणत्या बाजूला?

प्रश्न : बेळगावातल्या आमच्या वाचन मंडळात चार्ल्स डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’वर मला अर्धा तास बोलायचं आहे. ‘खरे तुरुंग आणि मनाचे तुरुंग’ हे सूत्र घेतलं, पण टिपण म्हणजे नुसती यादी झाली : फ्रान्समधल्या मार्सेलिसची कोठडी, लंडनचा मार्शल्सी, मिसेस क्लेनमची खोली. आता पुढे काय?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : यादी केली की शेवटी ‘सगळेच कुठल्या ना कुठल्या तुरुंगात आहेत’ एवढंच हाती लागतं आणि एकाही तुरुंगाचा वेगळेपणा उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक दारापाशी थांबून बघा : कडी बाहेरून आहे की आतून?

विल्यम डॉरिटची कडी बाहेरून आहे. मार्शल्सी हा कर्जबुडव्यांचा तुरुंग. आत असलेल्या माणसाला कमावणं अवघड, आणि कर्ज फिटल्याशिवाय सुटकाही सहसा नाही, म्हणून मुदतीची शिक्षा असते तसा इथे शेवटचा दिवसच ठरलेला नसतो. वीसहून जास्त वर्षांत डॉरिट ‘मार्शल्सीचा पिता’ होतो. सुटून जाणारे कैदी हातावर नाणी ठेवतात, तो ती मानाची भेट म्हणून घेतो. पुढे घबाड वारसा मिळतो, दार उघडतं, कुटुंब इटलीला जातं. दुसऱ्या भागाचं 19वं प्रकरण इथे सावकाश वाचून दाखवा. रोममध्ये बड्या लोकांची मेजवानी चालू असताना डॉरिट उठतो आणि पाहुण्यांचं मार्शल्सीत स्वागत करतो, पैशांची भेट द्यायची सूचनाही करतो. बाहेरची कडी कधीच निघालेली, पण तुरुंगात कमावलेला मान सोडून त्याच्याजवळ दुसरं काही नाही. तुमच्या भाषणाचा निम्मा वेळ या एका प्रसंगाला द्यायला आमची हरकत नाही.

मिसेस क्लेनमची कडी आतून आहे. ती चाकाच्या खुर्चीत, एका खोलीत वर्षानुवर्षं बसते आणि हे कोंडून घेणं देवाच्या खात्यात जमा करत राहते. शेवटी लपवलेली गोष्ट उघडी पडायची वेळ येते, तेव्हा हीच बाई उठून रस्त्याने धावत मार्शल्सी गाठते. आजार खोटा होता, असा सोपा निकाल मात्र देऊ नका. तिला जागेवर बसवणारा अपराधभाव खरा आहे.

आणि एमी, डॉरिटची धाकटी मुलगी, म्हणजेच ‘लिटल डॉरिट’. तिचा जन्मच तुरुंगातला. लहानपणी ती पहारेकऱ्याला शेतांबद्दल विचारते : ती कोणी उघडतं-मिटतं का? त्यांना कुलूप असतं का? पहारेकरी गडबडतो आणि म्हणतो, सहसा नसतं. हा संवाद पहिल्या भागाच्या 7व्या प्रकरणात आहे. 14व्यात उलटं घडतं. उशीर झाल्याने तुरुंगाचं दार बंद होतं आणि ती *बाहेर* कोंडली जाते, रात्र रस्त्यावर काढते. घर म्हणजे तुरुंग असेल तर बाहेर राहणं हीच शिक्षा.

लेखकाचं चरित्र पाच मिनिटांत आटपा. 1824 साली डिकन्सचे वडील याच मार्शल्सीत होते आणि 12 वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. कादंबरी 1855 ते 57 मध्ये हप्त्यांनी आली. त्याआधी, 1842 सालीच तो तुरुंग बंद झाला होता. त्यामुळे ‘चालू तुरुंगावर टीका’ असं म्हणाल तर कोणीतरी टोकेल.

प्रश्न : ‘लिटल डॉरिट’शी तुलनेला आपल्याकडचं काही घ्यावं का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : जरूर, आणि तेही घरचंच. मराठी लेखक बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857ची, म्हणजे ‘लिटल डॉरिट’ संपली त्याच वर्षाची. त्यात तुरुंग नाही. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते. पुढे वैधव्य तिच्याही वाट्याला येतं. इथे कडी रूढीने लावलेली आहे आणि ती धरून ठेवणारी माणसं घरातलीच आहेत. एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं असं मात्र सुचवू नका, त्याला आधार नाही. शिवाय पदमनजींचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते, हे वगळून तुलना केलीत तर ती लंगडी पडेल.

दोन्ही भाग मिळून ‘लिटल डॉरिट’ची 70 प्रकरणं आहेत. सभेला पंधराच दिवस उरले असतील तर पहिल्या भागातली 1, 6, 7, 14, 36 आणि दुसऱ्यातली 19, 27, 31 एवढी आधी नीट वाचून घ्या.