वाचकांचे प्रश्न : व्यसन, पोलीस आणि उपचार

प्रश्न : एकोणीस वर्षांचा पुतण्या एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेतो. सिव्हिलमध्ये नेलं तर केस होईल का? कॉलनीतले म्हणतात, सरळ पोलिसांत द्या. (जुळे सोलापूर)

उत्तर : आधी सिव्हिलच्या मनोविकार विभागात न्या. उपचार मागणं हा गुन्हा नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात (1985) सेवन हा कलम 27 खाली गुन्हा आहे, पण कलम 64अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. इथंच बरेच घसरतात. एमडीचं अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी, व्यावसायिक प्रमाण म्हणजे 50 ग्रॅमपेक्षा जास्त. विक्रेत्याला ही सवलत नाही.

एमडी सोडल्यावर पहिले काही दिवस खोल उदासी येते, आत्महत्येचे विचारही. एकटं ठेवू नका, कोंडू तर नकाच. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना सांगा. दारू किंवा गोळ्या अचानक बंद केल्यास झटके (फिट) येऊ शकतात.

कॉलनीचा राग रास्त आहे, तो विक्रेत्यावर काढावा : ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर 1933 या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर कळवा. समुपदेशनासाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446.