ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी घरी बदलता येते का, की नवीन स्पीकर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, चार वर्षांचा स्पीकर पूर्वी दिवसभर वाजायचा, आता पाऊण तासात बंद पडतो, पण चार्जरला लावून ठेवला की नीट चालतो. बॅटरी घरी बदलता येईल का?

येईल. आणि कृपा करून तो टाकून देऊ नका. स्पीकरचा पडदा, लोहचुंबक, ॲम्प्लिफायर वर्षानुवर्षं टिकतात. आतला लिथियम सेल मात्र ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरला की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि पुढे घसरतच जातो. तेवढ्या एका भागापायी उरलेलं सगळं कचऱ्यात जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी दोष बॅटरीचाच आहे ना, हे बघून घ्या. तुमची लक्षणं तिचीच वाटतात. आणखी एक खूण म्हणजे आवाज वाढवला की ढोलाच्या ठोक्याला स्पीकर पटकन बंद होतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. ठोक्याला एकदम जास्त करंट ओढला गेला की व्होल्टेज खाली बसतं आणि सर्किट समजतं की बॅटरी संपली. याउलट केबल हलवली की चार्जिंग येत-जात असेल, तर पोर्ट सैल झालाय. म्हणून दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहा, मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.

उघडण्याआधी गाणी लावून बॅटरी पूर्ण उतरवा. भरलेला सेल चुकून शॉर्ट झाला तर आग लागू शकते, उतरलेल्यात तेवढी ताकद नसते. स्पीकरचं अंग कुठे फुगलेलं दिसत असेल, बटणं वर आली असतील, तर मात्र बॅटरी फुगली आहे. अशा स्पीकरला चार्ज लावू नका, वाजवूनही पाहू नका, आणि उघडताना टोकदार काहीच वापरू नका. सवय नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.

स्क्रू सहसा डोळ्यांसमोर नसतात. खालचे रबरी पाय, पुढची जाळी, बाजूच्या टोप्या, नावाची पट्टी यांच्याखाली ते दडलेले असतात. गोंदाने चिकटवलेला भाग हेअर ड्रायरने कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. लोखंडी पट्टीने कडा तुटतात. एक धोका पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. स्पीकरच्या ड्रायव्हरमागे, म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल भागामागे, जबरदस्त लोहचुंबक असतो. जवळ गेलेला स्क्रू-ड्रायव्हर तो खेचून घेतो आणि टोक सरळ पडद्यात घुसतं. म्हणून पडद्यावर जाड पुठ्ठा धरा आणि काढलेले स्क्रू वाटीत, चुंबकापासून लांब ठेवा. दोन भाग सुटले तरी झटक्याने ओढू नका, मधल्या वायर आखूड असतात. प्रत्येक पायरीला फोटो काढा. जोडताना स्मरणशक्तीवर विसंबू नका.

बॅटरी दिसली की तिच्यावरचा मजकूर नीट वाचा. सगळं काम इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ३.७ व्होल्ट लिहिलं असेल तर एक सेल किंवा समांतर जोडलेले सेल. पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट. ७.४ लिहिलं असेल तर दोन सेल एकामागे एक. पूर्ण चार्जला ८.४. या दोहोंची अदलाबदल कधीच करायची नाही. ३.८ व्होल्टचे सेलही असतात, ते सहसा ४.३५ पर्यंत चार्ज होतात. त्यांच्या जागी साधा ३.७चा सेल बसवला तर चार्जिंग सर्किट त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त भरत राहील. आकडा फक्त ०.१ने वेगळा दिसतो, पण धोका खरा आहे. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. एमएएच, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा आकडा, जास्त असलेला चालतो, फक्त बॅटरी त्या खाचेत सहज बसली पाहिजे. दाबून कोंबलेला चपटा सेल पुढे त्रास देतो.

क्षमतेची तुलना करतानाही घोटाळा होतो. ७.४ व्होल्टची २००० एमएएच आणि ३.७ व्होल्टची ४००० एमएएच या दोन्हींत ऊर्जा सारखीच, १४.८ वॉट-तास. आणि गोल १८६५० सेलवर (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो खोटा आहे, घेऊ नका. त्या आकाराचे चांगले सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतात आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतं. हातात हलका लागणारा सेल बहुधा नकली. पॅकवर संरक्षक सर्किटची छोटी पट्टी असेल तर नव्यावरही ती असलीच पाहिजे. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट यांपासून तीच वाचवते.

दोनऐवजी तीन वायर दिसल्या तर तिसरी बहुतेक वेळा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. दोन सेलच्या पॅकमध्ये ती मधल्या जोडणीचीही असू शकते. थर्मिस्टर नसला की काही स्पीकर चार्जच घेत नाहीत. अशा वेळी तिथे साधा रेझिस्टर लावून सर्किटला फसवण्याचा सल्ला मिळतो. तो मला मान्य नाही. बॅटरी तापल्याचं सर्किटला कळणारच नसेल, तर ते चार्जिंग थांबवणार कसं? जुन्या पॅकचा थर्मिस्टर सोडवून नव्या सेलला चिकटवा, किंवा तीन वायरचंच पॅक मिळवा.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो, तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून. पहिल्यांदा बॅटरी बदलली तेव्हा नव्याचा प्लग जुन्यासारखाच होता, खट्कन बसला. लाल आणि काळी वायर मात्र उलट्या खाचांत होत्या. क्षणभरात चार्जिंगची चिप जळाली. बॅटरी चांगली, स्पीकरचे ड्रायव्हर चांगले, पण बोर्ड कायमचा गेला. या प्लगमध्ये प्लस कुठल्या बाजूला असावा याचा एकच ठरलेला नियम नाही. प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही. तेव्हापासून मी मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या यंत्राने) जुन्या बॅटरीचा प्लस कोणत्या पिनवर आहे ते पाहतो, मग नव्याचा, आणि बोर्डवरची खूणही. तिन्ही जुळल्याशिवाय प्लग लावत नाही. बाजू उलट असेल तर बारीक टाचणीने प्लगमधली पिनची जीभ दाबून वायर काढता येतात आणि जागा बदलता येते. ते एकेक करून करा, आणि निघालेल्या पिनला लगेच टेप लावा. मल्टिमीटरने नव्या बॅटरीचं व्होल्टेजही बघा. एका सेलला ३.६ ते ३.९च्या दरम्यान असेल तर ठीक. ३च्या खाली असेल तर परत करा.

प्लगच नसेल आणि वायर थेट बोर्डला सोल्डर केलेल्या असतील, तर दोन्ही वायर एकाच कात्रीने कधीही कापू नका. कात्रीचं पातं दोन्हींना एकदम भिडलं की शॉर्ट. एक कापा, टोकाला टेप गुंडाळा, मग दुसरी. सोल्डर करायचं ते वायरवर किंवा बोर्डवर; सेलच्या अंगावर नाही. त्या उष्णतेने सेलच्या आतला, दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पडदा आणि सील बिघडतात. निकेलची पट्टी आधीच स्पॉट-वेल्ड केलेला सेल मागवा.

जोडल्यावर बटण दाबलं आणि स्पीकर मेलेलाच राहिला तर घाबरू नका. बॅटरी काढून परत जोडली की संरक्षक सर्किट पुष्कळदा झोपलेलं राहतं. चार्जर लावला की ते जागं होतं. हे सगळं स्पीकरचे भाग परत जोडून स्क्रू लावण्याआधी तपासून घ्या, नाहीतर पुन्हा सगळे स्क्रू काढावे लागतील. मग बॅटरी दुहेरी टेपने किंवा फोमने घट्ट बसवा, कारण खर्जाच्या कंपनाने सैल बॅटरीची वायर घासत राहते. पाण्यात चालणारा स्पीकर असेल तर कडेचं रबरी कडं जागेवर आहे ना, त्यात केस-धूळ नाही ना, हे बघा. एकदा उघडल्यानंतर मी तरी अशा स्पीकरला पाण्यात बुडवत नाही, शिंतोडे ठीक.

पहिलं चार्जिंग फरशीवर, समोर बसून करा. मधूनमधून हात लावून पाहा. कोमट लागलं तर चालेल. हात ठेववत नसेल किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर लगेच चार्जर काढा आणि स्पीकर मोकळ्या जागी नेऊन ठेवा.

जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात गेली तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. ती नेऊन देईपर्यंत पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत ठेवा.

बॅटरीवरचा मजकूर आणि प्लगचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात तर कोणती बॅटरी जुळेल ते मी पाहून सांगेन.